घरामागचा जपानी प्लम: जात, जागा, छाटणी आणि विरळणी

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॅलिफोर्नियाच्या बे एरियात, फ्रीमाँटला घर घेतलं आहे, मागच्या अंगणात साधारण १५ बाय २० फुटांची उन्हाची जागा मोकळी आहे, माती चिकण आहे. तिथे जपानी प्लम लावायचा आहे. एका झाडाने भागेल का, जात कोणती घ्यावी, झाड कुंपणापलीकडे जाईल का, खारींचं काय करायचं? शिवाय नाशिकहून आलेल्या बाबांना परत जाताना तिथल्या अंगणासाठी एक रोप न्यायचं आहे, ते तिकडे येईल का?

आधी सरळ उत्तर देते. एकच झाड लावायचं असेल तर ‘सांता रोझा’ घ्या. सायटेशन किंवा मारियाना २६२४ या खुंटावरचं (खुंट म्हणजे ज्या मुळांच्या रोपावर हवी ती जात बांधतात ते) कलम शोधा. जानेवारीत, पानं नसताना, मातीच्या उंचवट्यावर लावा आणि लावल्या दिवशीच गुडघ्याच्या उंचीवर कापा. पुढे ते तुमच्या हाताच्या उंचीवर कधीही जाऊ देऊ नका. नाशिकला मात्र ते नेऊ नये. कागदांशिवाय रोप भारतात नेणं बेकायदा आहेच, पण सगळे कागद करून नेलं तरी तिथे त्याला फळ धरणार नाही.

आता कारणं सांगते. ती कळली की पुढच्या वर्षी काय करायचं हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

बे एरियाच्या हवेत प्लमचं झाड जगवणं अवघड नाही. लोकांची तक्रार झाड मेल्याची क्वचितच असते. झाड छपरावर गेलं, फळं लिंबापेक्षा लहान आणि आंबटढाण निघाली, जूनमध्ये मोठी फांदी फळांच्या ओझ्याने खाडकन मोडली, एक वर्ष घमेलीभर आणि पुढच्या वर्षी काहीच नाही, या तक्रारी खऱ्या. सगळ्यांचं मूळ एकच. हे झाड लाकूडही फार वाढवतं आणि फळंही झेपणार नाहीत इतकी धरतं. त्याला वाढवण्यापेक्षा आवरण्याचं काम जास्त आहे. खत-पाण्यावर जितका विचार करता त्याहून जास्त कात्रीवर करा.

जातीचं बघू. हे फळ मूळचं चीनचं. जपानात ते शतकानुशतकं लावलं गेलं आणि तिथून अमेरिकेत आलं, म्हणून ‘जपानी’. इथे त्याला आजचं रूप दिलं ल्यूथर बरबँक यांनी. सांता रोझा गावात त्यांची बाग होती. १८८५ साली त्यांनी जपानहून प्लमची रोपं मागवली आणि त्यांचे आपसांत संकर करत राहिले. १९०६ साली त्यांनी गावाचंच नाव देऊन जी जात बाहेर काढली ती सांता रोझा. प्लमच्या शंभरावर जाती त्यांनी दिल्या, पण घरच्या बागेसाठी त्यांच्या या एका जातीला मी अजूनही पहिला नंबर देते. त्यांचं घर आणि बाग आज सार्वजनिक आहे, तुमच्याकडून गाडीने दोनेक तासांवर. परमहंस योगानंद त्यांना तिथे भेटायला गेले होते आणि दोघांचा चांगला स्नेह होता. वसंतात एखाद्या शनिवारी मुलांना घेऊन जरूर जा.

एक गोंधळ आधीच दूर करते. तुमच्या आसपासचे जुने लोक सांगतील की सांता क्लारा खोरं म्हणजे प्लमचंच खोरं होतं. खरं आहे, पण तो युरोपी प्लम. पेलिए बंधूंनी १८५० च्या दशकात फ्रान्सहून त्याच्या काड्या सॅन होजेला आणल्या आणि तो वाळवून विकण्याचा मोठा धंदा इथे उभा राहिला. ते झाड वेगळं. त्याला थंडी जास्त लागते, ते उशिरा फुलतं, आणि त्याचा पराग जपानी प्लमला उपयोगी पडत नाही, कारण दोघांच्या गुणसूत्रांची संख्याच जुळत नाही. तेव्हा शेजाऱ्याकडे जुनं प्रून, म्हणजे वाळवायच्या प्लमचं झाड आहे म्हणून आपलं परागीकरण होईल या भरवशावर राहू नका.

परागीकरण हा एक झाड की दोन झाडं याचा खरा मुद्दा आहे. बहुतेक जपानी प्लमला स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या जातीचं झाड जवळपास आणि त्याच दिवसांत फुललेलं लागतं. सांता रोझा, मेथली, ब्यूटी, बर्गंडी या थोड्या जाती एकट्याही फळ धरतात. सांता रोझाच्या जवळ दुसरी जात असली तर तिलाही फळ अधिक धरतं, पण एकटीलाही घराला पुरून उरेल इतकं येतं. तुमच्या जागेत दोन झाडं बसवायची असतील तर दुसरं ‘सत्सुमा’ घ्या. तीही बरबँक यांच्या जपानी रोपांतूनच आलेली. सांता रोझा जूनच्या मध्यापासून पिकते, सत्सुमा जुलैच्या अखेरीस, म्हणजे फळं दोन महिन्यांत विभागली जातात. सांता रोझाचा गर पिवळसर, सालीजवळ लालसर. मधला गर गोड, साल आणि कोय यांच्याजवळ आंबट. सत्सुमाचा गर आतपर्यंत गर्द लाल, घट्ट, कमी पाणीदार, कोय बारीक. सत्सुमाला स्वतःचा पराग चालत नाही, तिला सांता रोझा लागतेच. ‘एलिफंट हार्ट’ चवीला फार उत्तम, पण तिला थंडी जास्त हवी आणि ती उशिरा पिकते, तोवर खारींचा धीर सुटलेला असतो. पहिलं झाड म्हणून ती घेऊ नका.

प्लुओट घ्यावा का, असंही अनेकजण विचारतात. मोडेस्टोच्या फ्लॉइड झायगर यांनी प्लम आणि जर्दाळू यांच्या संकरातून काढलेलं हे फळ खायला अप्रतिम आहे, पण त्यातल्या बहुतेक जातींना परागासाठी जपानी प्लम जवळ लागतो. म्हणजे आधी सांता रोझा लावा, ती रुजली की प्लुओट तिच्या शेजारी आणा.

आता थंडीचा हिशोब, म्हणजे बाबांच्या रोपाचंही उत्तर त्यातच येईल. पानगळीच्या झाडांना हिवाळ्यात ठरावीक तास थंडी मिळावी लागते. ढोबळ मोजणी अशी: पारा ३२ ते ४५ फॅरनहाइटच्या, म्हणजे ० ते ७ सेल्सिअसच्या दरम्यान राहिलेला प्रत्येक तास एक धरायचा. सांता रोझाला असे तीन-चारशे तास लागतात. ते मिळाले की फांदीवरच्या डोळ्यांची, म्हणजे मिटलेल्या कोंबांची, झोप पुरी होते आणि ऊब आली की सगळी फुलं एकदम उमलतात. कमी पडले तर फुलं तुकड्यातुकड्याने, आठवडे लांबत येतात, पानं उशिरा फुटतात, फळ धरत नाही. दिवसा कडक ऊन पडलं तर रात्री साठलेली थंडी काही प्रमाणात वायाही जाते. दक्षिण बे एरियात ही गरज सहसा सहज भागते.

नाशिककडे थंडी आहे, हे खरं. निफाडला पारा एखाद्या जानेवारीत पाच-सहा सेल्सिअसवर येतो आणि द्राक्षबागाईतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. पण ती थंडी पहाटेच्या काही तासांची, तीही थोड्याच रात्री, आणि दुपारी पारा पुन्हा २५ च्या पुढे. एवढ्याने सांता रोझाचं भागत नाही. झाड काही वर्षं हिरवं दिसेल, नीट पानगळ होणार नाही, चार फुलं आली तर आली. पुण्यालाही तेच, आणि महाबळेश्वरला थंड वाटतं तेवढं हे झाड मोजत नाही. शिवाय तिथला पाऊस त्याच्या मुळांना सोसणार नाही. भारतात सांता रोझा चांगली येते ती हिमाचलात, सोलन, सिरमौर, कुल्लूकडे. बाजारात आलुबुखार म्हणून येतो त्यातला बराचसा तिकडचा. पंजाबच्या सपाट भागासाठी लुधियानाचं कृषी विद्यापीठ कमी थंडीच्या ‘सतलज पर्पल’ची शिफारस करतं आणि तिच्या परागासाठी सोबत ‘काला अमृतसरी’ लावायला सांगतं. तुमचे कोणी नातेवाईक चंदीगड-लुधियानाकडे असतील तर त्यांनी जरूर लावावं. बाबांना म्हणावं, नाशिकच्या अंगणात कलमी जांभूळ लावा. ते त्या मातीचं झाड आहे आणि जांभळा रंग तोच मिळेल. इथल्या झाडाची छाटणी मात्र त्यांच्याच हाती द्या. ज्यांनी द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी आयुष्यभर पाहिली आहे त्यांना फळकाडी कोणती आणि नुसतं लाकूड कोणतं हे वेगळं शिकवावं लागत नाही.

जागा आणि माती. उन्हाळ्यात किमान सहा तास, शक्यतो आठ तास थेट ऊन हवं. चिकण मातीची परीक्षा घ्या: फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही उभं असेल तर खड्ड्यात झाड लावू नका. प्लमची मुळं पाण्यात बसली की श्वास कोंडून कुजतात. त्यावर उपाय सोपा आहे. तीन-चार फूट रुंद आणि फूट-दीड फूट उंच असा मातीचा उंचवटा करा आणि झाड त्याच्या माथ्यावर लावा. लोक याच्या उलट करतात: चिकण मातीत मोठा खड्डा खणून तो दुकानातल्या भुसभुशीत खतमातीने भरतात. मग पावसाळी महिन्यांत आजूबाजूचं सगळं पाणी त्या मऊ खड्ड्यात उतरतं आणि तिथेच साठतं, मुळंही त्याबाहेर जायला तयार होत नाहीत. खणलेलीच माती परत घाला. कंपोस्ट द्यायचं ते वरून पसरा.

खुंटाचं नाव पाटीवर बघण्याचं कारणही हेच. सायटेशन आणि मारियाना २६२४ हे दोन्ही ओल बऱ्यापैकी सोसतात. सायटेशनवर झाड थोडं बुटकं राहतं आणि लवकर फळावर येतं. जुन्या ओकच्या झाडाखालच्या किंवा ओक काढून टाकलेल्या जागेत मारियाना २६२४ घ्या, कारण ओकच्या मुळांतली बुरशी त्याला सहसा बाधत नाही. मात्र तो बुंध्यापासून खूप फुटवे काढतो. ते कोवळे असतानाच हाताने ओढून उपटा. कापलेत तर तिथून दोन येतात. नेमागार्ड खुंटाची कलमंही इथे विकली जातात, ती रेताड जमिनीसाठी ठीक आहेत, तुमच्या चिकणीत नकोत.

रोप जानेवारी-फेब्रुवारीत उघड्या मुळांचं घ्या. कुंडीतल्यापेक्षा स्वस्त पडतं, मुळं डोळ्यांनी दिसतात आणि निवडही जास्त असते. दुकानात फार जाड, उंच झाडाच्या मोहात पडू नका. अंगठ्याएवढ्या जाडीचं, खरचटलेलं नसलेलं, मुळं चारी बाजूंना गेलेलं रोप सर्वांत चांगलं. घरी आणलं की मुळं वाळू देऊ नका, त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी लावा. कलमाचा सांधा, तो जरासा वाकडा फुगवटा, मातीच्या चार-सहा इंच वर राहिला पाहिजे. खड्ड्यात खत घालू नका. एकदा भरपूर पाणी देऊन माती बसवा. त्यानंतर पानं फुटेपर्यंत, तेही पावसाचे दिवस असताना, रोज पाणी ओतायचं काही कारण नाही. पानं नसलेलं झाड पाणी जवळजवळ पीतच नाही. पहिल्या दोन महिन्यांत मेलेली रोपं मी पाहिली ती बहुतेक अति पाण्याने गेलेली होती.

आता कात्री. पाच-सहा फुटांचं रोप लावलंत, बाबा शेजारी उभे आहेत, आणि मी सांगते आहे की ते गुडघ्यावर कापा. जीवावर येतं, ठाऊक आहे. पण झाडाच्या मुख्य फांद्या जिथून फुटतील ती उंची त्या एका कापाने कायमची ठरते. कापला नाहीत तर फांद्या डोक्याच्या वर फुटतील आणि मग आयुष्यभर शिडी. जमिनीपासून १८ ते २४ इंचांवर, एका डोळ्याच्या वर, तिरपा काप घ्या. शिवाय खणताना तुटलेल्या मुळांना वरचा एवढा पसारा पोसायचाच नसतो. कापल्यावर खोडाला घरातल्या भिंतीचा पांढरा पाण्याचा रंग अर्धा पाणी घालून लावा, मातीपासून टोकापर्यंत. उन्हाने साल तडकते आणि त्या भेगेतून खोडकिडा शिरतो. पांढऱ्या रंगाने ते टळतं.

एप्रिल-मेमध्ये त्या खुंटलेल्या काठीला जोमाने फूट येते. त्यातल्या तीन-चार निवडा: चारी दिशांना गेलेल्या, एकमेकींपासून थोड्या वरखाली, खोडाशी रुंद कोन केलेल्या. खोडाला चिकटून सरळ वर जाणारी फांदी पुढे फळांच्या ओझ्याने त्या सांध्यातच चिरते, ती काढा. निवडलेल्या फांद्या दोन फूट झाल्या की निम्म्या करा, उन्हाळा संपताना पुन्हा निम्म्या. मधला गाभा मोकळा ठेवा, म्हणजे ऊन आतल्या फांद्यांपर्यंत पोचतं.

उन्हाळ्यात छाटायला का सांगते? हिवाळ्यात झाडाचं सगळं अन्न मुळांत आणि खोडात साठलेलं असतं. तेव्हा छाटलं की ते सगळं बळ उरलेल्या थोड्या डोळ्यांत जातं आणि वसंतात मनगटाएवढे नाही तरी बोटाएवढे सरळ सोटे सहा-सहा फूट वर जातात. उन्हाळ्यात छाटता तेव्हा अन्न तयार करणारी पानंच कमी होतात, म्हणून झाडाचा जोर बसतो. उंची आवरायची ती उन्हाळ्यात, फळं उतरवल्यावर. हिवाळ्यात, पानं नसताना फांद्यांची रचना स्वच्छ दिसते, तेव्हा मेलेलं, एकमेकींवर घासणारं, आत वळलेलं लाकूड काढायचं, तेही पुढे दोन-चार दिवस कोरडे आहेत असं बघून, कारण ओल्या हवेत ताज्या कापांतून रोग शिरतात. जमिनीवर उभं राहून हात वर केल्यावर जिथे पोचतो ती सीमा. त्यावर जे गेलं ते वर्षातून दोनदा कापायचं. याने तुमचं झाड आठ फुटांवर राहतं, १५ बाय २० च्या जागेत अशी दोन झाडं सहज बसतात, आणि कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याशी बोलणंही गोडीत राहतं. मुळातच लोंबत्या फांद्यांची ‘वीपिंग सांता रोझा’ मिळाली तर लहान जागेला ती फार छान.

छाटताना एक मात्र जवळून बघायला शिका. हिवाळ्यात दोन-तीन वर्षांच्या फांदीवर हात फिरवा. बोटाच्या पेराएवढ्या, सुरकुतलेल्या, गाठीगाठींच्या आखूड काड्या लागतील. इथले माळी त्यांना स्पर म्हणतात. आपण फळकाड्या म्हणू. त्यांच्यावर गोल, टपोरे डोळे झुपक्याने असतात, ते फुलांचे. त्यांत एखादा अणकुचीदार, सडपातळ असतो, तो पानांचा. एकेका फुगीर डोळ्यातून एक ते तीन फुलं निघतात. ही आखूड काडी बरीच वर्षं फळ देते. फांदी नीटनेटकी दिसावी म्हणून या गाठी खरवडून टाकल्यात तर पुढच्या कित्येक हंगामांची फळं कचऱ्यात गेली.

फुलं फेब्रुवारीच्या शेवटी, मार्चच्या सुरुवातीला येतात. त्या दिवसांत झाडावर काहीही फवारू नका, मधमाश्या कामावर असतात. नेमका त्याच आठवड्यात पाऊस लागला तर त्या वर्षी फळ कमी. त्याला इलाज नाही.

आणि मग विरळणी. हे एक काम केलंत तर खत विसरलात तरी चालेल. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत, फळं गोटीएवढी झाली की, फांदीवर दोन फळांत चार ते सहा इंच अंतर राहील एवढीच ठेवायची. एका फळकाडीवर तीन-चार एकमेकांना चिकटून लटकलेली असतात. डाव्या हाताच्या चिमटीत फळकाडी धरा, उजव्या हाताने नको असलेलं फळ जरा पिळून बाजूला सोडवा. सरळ ओढलंत तर काडीच फांदीपासून उखडून येते. किडलेलं, डागाळलेलं, आकाराने मागे पडलेलं आधी काढा. झाडावर असलेल्या फळांपैकी निम्म्याहून जास्त खाली पडतील आणि घरातले हळहळतील. पण झाडाकडची साखर तेवढीच आहे. ती तीनशे फळांत वाटायची की शंभरांत, एवढाच प्रश्न. शिवाय प्रत्येक फळाची कोय तयार करायला झाडाचं बळ लागतं, आणि त्याच दिवसांत पुढच्या वर्षीचे फुलांचे डोळे धरायचे असतात. फळं फार ठेवलीत की डोळे धरत नाहीत, म्हणून एका वर्षाआड झाड रिकामं जातं. फळं एकमेकांना चिकटलेली असली की त्या फटीत ओल राहते आणि तपकिरी कुज तिथूनच सुरू होते. लहान मुलांना या कामाला जरूर घ्या, त्यांची बोटं बारीक असतात. पाडलेली हिरवी फळं मात्र खाण्यात घेऊ नका, गोळा करून टाका.

पाण्याचं फार अवघड नाही. पहिल्या उन्हाळ्यात खुरप्याने चार-सहा इंच खाली बघा, तिथे कोरडं असेल तर द्या. मोठ्या झाडाला चिकण मातीत साधारण दहा-पंधरा दिवसांनी एकदा, पण खोल. ठिबकच्या तोट्या बुंध्याशी ठेवू नका, फांद्यांच्या टोकांखाली गोल फिरवा. पिणारी मुळं तिथे असतात. आळ्यात तीन-चार इंच लाकडाच्या ढलप्यांचं आच्छादन करा, खोडापासून वीतभर मोकळं. फळं पिकत आली असताना एकदम भरपूर पाणी सोडू नका, साली फुटतात. खताचं माप झाडच सांगतं: मोठ्या झाडाची नवी वाढ वर्षाला फूट-दीड फूट होत असेल तर कंपोस्ट पुरे, त्याहून जास्त असेल तर नत्र अजिबात नको.

किडी-रोगांत तुम्हाला सर्वांत आधी भेटेल तो मावा. वसंतात कोवळी पानं मुठीसारखी आवळून गोळा होतात, उघडून पाहिलं की आत चिकट, फिकट हिरव्या किड्यांची दाटी. पीचच्या झाडाची पानं बुरशीने वळतात, तो रोग हा नव्हे. त्यासाठीचं तांब्याचं औषध इथे वाया जाईल. पानं आवळण्याआधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बराच मावा जातो. मुंग्या खोडावरून वर-खाली करत असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करा. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या त्याला राखतात आणि त्याला खाणाऱ्या लेडीबगना हुसकावतात. खोडाला कापडी पट्टी बांधून तिच्यावर चिकट लेप लावला की वाट बंद. दरवर्षीच फार त्रास होत असेल तर हिवाळ्यात, डोळे फुगण्याआधी, फांद्यांवर झाडांसाठी मिळणारं तेल (हॉर्टिकल्चरल ऑइल) फवारा, डोळ्यांच्या बेचक्यांतली अंडी त्याने गुदमरतात. खोडावर डिंक दिसला तर घाबरू नका, पण जवळून बघा. नुसता स्वच्छ, मधाच्या रंगाचा डिंक म्हणजे झाडाला कुठेतरी इजा किंवा पाण्याचा ताण. डिंकात लाकडाचा भुसा मिसळलेला असेल तर आत किडा आहे. साल काळपट, दबलेली, आंबूस वासाची असेल तर जिवाणूंचा करपा. ती फांदी कोरड्या दिवसांत निरोगी लाकडापर्यंत मागे कापून काढा. झाडावर वाळून राहिलेली सुरकुतलेली फळं हिवाळ्यात एकूण एक उतरवा, कुजीचं बी त्यांच्यातच राहतं.

खारींबद्दल खरं तेच सांगते: पूर्ण बंदोबस्त होत नाही. त्या पकडून दुसरीकडे नेऊन सोडणं कॅलिफोर्नियात बेकायदा आहे, तसं करू नका. आठ फुटांचं झाड असलं की मात्र सगळं झाडच जाळीत घेता येतं, हा लहान झाडाचा मोठा फायदा. जाळी फळांना रंग चढायच्या आधी घाला, खाली बुंध्याशी आवळून बांधा, सैल लोंबती ठेवू नका, त्यात पक्षी आणि साप अडकतात. सत्सुमासारख्या उशिराच्या फळांना एकेक करून बारीक जाळीच्या पिशव्या बांधता येतात. पडलेली फळं रोज संध्याकाळी उचला, नाहीतर रात्री उंदीर येतात आणि बारीक फळमाश्याही वाढतात.

सर्वांत कामाचं म्हणजे फळ थोडं आधी उतरवायचं. जपानी प्लम पूर्ण रंगावर आला, बोटाने दाबल्यावर टोकाशी जरासा नरम लागला की काढा आणि घरात टोपलीत ठेवा, दोन-चार दिवसांत आंब्यासारखा पिकतो. साखर मात्र झाडावर असेतोवरच वाढते, म्हणून हिरवा उतरवून उपयोग नाही. सगळं झाड एका दिवशी रिकामं करू नका. दर दोन-तीन दिवसांनी फेरी मारा, आधी वरच्या, उन्हातल्या फांद्या. सालीवरची पांढरट धूळ ही फळाची स्वतःची मेणाची लुकण आहे, ती पुसू नका, फळ तिच्यामुळे टिकतं. धुवायचं ते खाताना.

पहिली थोडी फळं तिसऱ्या वर्षी येतील, भरपूर म्हणावी अशी चौथ्या-पाचव्यात. तेव्हा खाऊन आणि वाटूनही उरतील. अर्धवट पिकलेल्या, घट्ट सांता रोझाचा मेथांबा कैरीच्या तोडीस तोड होतो: मोहरी, हिंग, मेथीदाणे यांची फोडणी, फोडी, तिखट, मीठ आणि चांगला गूळ. साली ठेवा, रंग त्यांचाच उतरतो आणि आंबटपणाही. सत्सुमाला आंबटपणा कमी, ती साखर घालून मुरंब्याला बरी. कोया मात्र सगळ्या मोजून बाजूला काढा आणि आतली बी बदामासारखी दिसली तरी मुलांना फोडून खाऊ देऊ नका. तिच्यातला कडू अंश पोटात गेल्यावर सायनाइड तयार करतो.